प्रकरण चौदावे : जागेपणीचा दम

वाघरीच्या अलीकडं सुकन्या आणि पलीकडं तिची लेक, असं सकाळीच ठरलं.

वाघर म्हणजे सुतळीची जाळी. रात्री तिच्यात मेंढरं कोंडायची आणि दिवसा गुंडाळून ठेवायची. आज मात्र तिच्या थोरल्या दिरानं, धोंडीरामनं, ती दिवसाउजेडी चुलीपासून लिंबाच्या बुंध्यापर्यंत आडवी ताणली. एका बाजूला चूल, पाण्याची पिंपं आणि सुकन्या. दुसऱ्या बाजूला लिंबाची सावली, लोकर कातरायला आलेली माणसं, दीडशे मेंढरं, आणि काळ्या घोंगडीवर ज्ञानबा आजोबांच्या मांडीला टेकून बसलेली आरोही.

करार साधा होता. दिवस मावळेपर्यंत सुकन्यानं जाळी ओलांडायची नाही आणि पोरीच्या बाबतीत मधी बोलायचं नाही. तेवढ्या वेळात आरूनं दम धरला नाही, म्हणजे तिचा श्वास अडकला नाही, तर उद्या तळ उठताना पोर आजोबांबरोबर सांगोल्याकडं गावी जाईल. दम धरला, तर सोमवारी ती आईबरोबर सोलापूरच्या दवाखान्यात जाईल आणि पुन्हा कुणी काही बोलणार नाही. साक्षीला राजाबाई. सासू म्हणून नव्हे. या घरात खोटं न बोलणारं माणूस म्हणून सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं होतं.

होटगीच्या शिवारात ज्वारीचं रान मोकळं झालं होतं. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती आणि तळ हलण्याआधी कातरणी उरकायची होती. लांबून स्टेशनातल्या गाड्यांचे भोंगे यायचे. तिथून शहर गाडीनं थोड्याच वेळावर. सुकन्याची खोली, तिचा नवरा बिरुदेव राबायचा तो टॉवेलचा कारखाना, सोमवारचा दवाखाना, सगळं तिथंच. आणि तरी ते तिला परमुलुखासारखं लांब वाटत होतं.

आरू आठ वर्षांची. दीड वर्षाची होती तेव्हा तिला चार शब्द येत होते: आई, आबा, मे, चल. मग ते एकेक करून गेले, चरायला गेलेलं मेंढरू सांजेला परतू नये तसे. त्यानंतर तिचे हात छातीशी आले आणि एकमेकांना चोळत राहिले. राजाबाई म्हणायची, माझी नात कुणाला न दिसणारी लोकर पिंजतीया. आणि मग श्वासाचं सुरू झालं. जागेपणी ती आधी डोंगर चढल्यागत धापा टाकायची, आणि एकाएकी सगळं थांबायचं. छाती थांबायची, नजर कुठंतरी लांब जाऊन टेकायची, ओठ जांभळे पडायचे. सुकन्या मोजायची. कधी वीस, कधी चाळीस. मग श्वास आपला आपण परत यायचा, काही झालंच नाही असा.

गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात तिला रात्रभर यंत्राला जोडून ठेवलं होतं. पोर गाढ झोपली. यंत्रानं रात्रभर रक्तातला प्राणवायू सत्त्याण्णव टक्के दाखवला आणि कागदावर आलं, श्वास ठीक. तो कागद धोंडीरामनं मागून घेतला आणि पाकिटात घडी करून ठेवला. भांडण निघालं की तो काढायचा आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही दाखवायचा.

नंतर जुळे सोलापूरच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रेट सिंड्रोम. मुलगी हट्टानं करत नाही, म्हणाल्या; हिचा श्वास झोपेत नीट चालतो, वाट चुकतो तो जागेपणी. मला ती जागी पाहिजे, चार तास, यंत्राला लावून. तारीख दिली सोमवारची. आणि एक ताकीद दिली: दम धरलेला असताना तोंडात घासही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. नरड्यात अडकला तर उलटा श्वासनळीत जाईल.

सुकन्यानं हे सगळं घरी येऊन सांगितलं होतं. पण तिच्या सांगण्याआधी सासऱ्याचं गाणं घरात पोचलं होतं.

*

राजाबाई लिंबाच्या मुळीवर बसून लोकर निवडत होती. काळी वेगळी, पांढरी वेगळी, काटे-कुसळं वेगळी. तिच्या कनवटीच्या पिशवीत आज सुपारीबरोबर बोटाला लावायचा चिमटा होता. तो रक्तातला प्राणवायू आकड्यात दाखवायचा. आरूचे हात थांबत नाहीत म्हणून सुकन्या तो तिच्या पायाच्या अंगठ्याला लावायची. ज्ञानबांनी सांगितलं होतं, ते यंत्र आज नको, त्यानंच पोर बिचकतीया. राजाबाई म्हणाली होती, साक्षीला मी हाय तर ते माज्यापाशी राहूद्या.

दिवस कासराभर वर आला तेव्हा आरू पहिल्यांदा धापा टाकायला लागली. जाळीपलीकडं सुकन्याच्या हातातली काठवट तशीच राहिली. ज्ञानबांनी पोरीला छातीशी घेतलं, डोळे मिटले आणि आवाज लावला. सत्तरी ओलांडलेल्या नरड्यातून तो आवाज कसा निघतो, हे देवालाच ठावं.

*निजलं गं शिवार, निजली लिंबाची सावली,*
*कोकराच्या डोळ्यांमंदी झोप पायी पायी आली.*

कातरणाऱ्यांमधल्या दोघांनी झील धरली. तिसऱ्या ओवीला आरूच्या पापण्या जड झाल्या आणि पाचव्या ओवीला ती झोपली. धापा ओसरल्या. छाती संथ वर-खाली होऊ लागली, भरल्या विहिरीच्या पाण्यासारखी.

"बगा," धोंडीराम कातर खाली ठेवून म्हणाला, "आबांच्या मांडीवर पोरीला काय होतंय का? देवाचं गाणं हाय ते."

माणसांनी माना डोलावल्या. होटगीचा एक म्हातारा तर ज्ञानबांच्या पाया पडला. राजाबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं उजेड होता.

तिला सगळं ठाऊक होतं. याच ओवीवर तिची तीन लेकरं निजली होती. धोंडीराम निजला होता, बिरुदेव निजला होता, आणि एका उन्हाळ्यात गेलेली तिची थोरली लेकही याच ओवीवर निजली होती, शेवटचं. ही ओवी झोपवते. पोरीला बरं करत नाही. झोपलेल्या पोरीचा दम थांबत नाही, एवढंच.

सगळी पांगल्यावर तिनं पदराआड चिमटा काढून आरूच्या अंगठ्याला लावला. मोबाइलमुळं तिला आकडे वाचता येत होते. सत्त्याण्णव. धोंडीरामच्या पाकिटातल्या कागदावरही हेच होतं.

तिनं चिमटा परत पिशवीत टाकला आणि लोकर निवडायला घेतली.

गेल्या दोन वर्षांत ज्ञानबांना जत्रेला कुणी बोलावलं नव्हतं. गजीच्या नाचात त्यांच्यामागं झील धरणारे दोघं मरून गेले. पोरं स्पीकरवर गाणी लावतात. दिवसदिवस म्हातारा बोलत नसे, मेंढरांकडं बघत बसे. मग संक्रांतीला आरू त्यांच्या मांडीवर शांत झाली आणि बातमी वाड्यावस्त्यांत पसरली: ज्ञानबाच्या गळ्यात गुण हाय. लोकं परत यायला लागली. म्हातारा परत दाढी करायला लागला. तेव्हा राजाबाईनं तोंड शिवलं. एका बाजूला नातीचा श्वास आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा. आपण कुणाचा धरून ठेवलाय, हे ती रोज निजताना स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत डोळे मिटून घ्यायची.

*

बिरुदेव चहा न्यायला चुलीकडं आला, तेव्हा बायकोनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्याला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

तो महिनाभर रात्रपाळीला होता. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तास उभं राहायचं आणि घरी येऊन झोपायचं, तर शेजारी पोरीच्या धापा. धापा थांबल्या की त्याचे डोळे आपोआप उघडायचे. माग बंद पडला की कामगाराला जाग येते, तसे. शेजारची मल्लव्वा म्हणायची, तुम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवल्यागत जागता. एकदा चिमट्यावर एकाहत्तर बघून तो उठला, बाहेर जाऊन रस्त्यावर बसला आणि दुपार ढळेपर्यंत आत आला नाही. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी पोरीला नेतो म्हटलं तेव्हा त्यानं लगेच होकार दिला. विचार केला असता तर देता आला नसता.

"पंधरा दिस," तो जाळीच्या सुतळीला हात लावून म्हणाला. "पंधरा दिस तिकडं राहूदे. तारीख काय, परत मिळंल की."

सुकन्यानं चहात साखर घातली. मग ढवळत ढवळत विचारलं, त्याच्याकडं न बघताच, की आरू आबांजवळ असते तेव्हा काय करत असते.

"निजती."

"आणि माझ्याजवळ?"

तो सुतळीची गाठ चाचपू लागला.

"मी तिला उठवते, न्हाऊ घालते, भरवते, खिडकीत उभी करून रस्ता दाखवते. माझ्याजवळ ती जागी असती. म्हणून माझ्याजवळ होतं." तिनं कप त्याच्यापुढं धरला. "आठ वर्षांच्या पोरीनं दिवसभर निजून राहावं म्हंजे तिचा दम थांबणार न्हाय, असं तुमच्या घरानं ठरवलंय. आणि त्याला तुमी बरं होणं म्हणताय."

तुमच्या घरानं, हा शब्द त्याला लागला. तो म्हणाला की आबांनी चार पावसाळे जास्त बघितलेत. ती म्हणाली, मला त्यांच्या पावसाळ्यांचा राग नाही. मग एकदम तिचा आवाज बसला.

"मला फक्त भ्या वाटतं ते घासाचं. अक्का मायेनं भरवत्यात. मी घरी सांगितलं तवा त्या रानात हुत्या, त्यांना ठावं न्हाय."

अक्का म्हणजे धोंडीरामची बायको, बजाबाई. ती सुकन्याला दिवसाला चार टोमणे मारी आणि आरूला चार वेळा खायला घाली. दोन्हीत तिचा हात सढळ. बिरुदेवच्या तोंडावर आलं की मी सांगतो वहिनीला. पण कातरणीच्या बाजूनं धोंडीरामनं हाक मारली, दोन पाय बांधलेली मेंढी सुटत होती, आणि तो कप घेऊन निघाला. सांगायचं राहिलं.

*

दुपारी ऊन डोक्यावरून ढळलं. निम्मी मेंढरं कातरून झाली होती. कातरलेली मेंढरं आपल्याच कळपात अनोळखी झाल्यागत एकमेकांना हुंगत फिरत होती, आणि जागी झालेली आरू त्यांच्याकडं बघून हसत होती. हसताना तिचा आवाज फुटत नसे, पण हसणं सगळं डोळ्यांत यायचं.

ज्ञानबा स्वतः आता कातर धरत नसत. बोटं वाकली होती. पण नवीन माणूस कातरायला बसला की ते शेजारी बसून सांगत. मेंढरू आडवं पाडलं की डावा हात त्याच्या कुशीवर ठेवायचा. भ्यालेलं मेंढरू दम धरतं. कूस हलायची थांबली की कातर थांबवायची, हात हलका करायचा, काही करायचं नाही. त्याला त्याचा दम सोडू द्यायचा. घाई केली, आवळलं, वरडलं, की मेंढरू तुझ्या हाताखाली मरंल. हे त्यांनी पोराला शिकवलं, पुतण्याला शिकवलं, या तळावरच्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

आरू धापा टाकायला लागली तसं त्यांनी तिला जवळ ओढलं. बघणारी माणसं जमली होतीच. त्यांनी आवाज लावला.

*निजलं गं शिवार...*

पण आज पोरीला निजायचं नव्हतं. समोर मेंढरं होती. एक छोटं कोकरू कातरलेल्या आईला ओळखेना आणि ती त्याच्यामागं मान वळवून वळवून बघत होती. ज्ञानबांनी दुसरी ओवी घेतली. धापा वाढल्या. तिसरी घेतली. आणि मग हातांचं चोळणं थांबल्यासारखं झालं, डोळे कोकरावरून सुटून लांब कुठंतरी गेले, आणि छाती थांबली.

ते गातच राहिले. झील धरणारे दोघंही गात राहिले. आवाज चढला. गाण्यानं झोप येते, झोपेनं दम येतो, एवढी एकच वाट त्यांना ठाऊक होती आणि ते त्याच वाटेनं पळत होते. पोरीचे ओठ जांभळे झाले. त्यांनी अजून चढा सूर लावला. त्यांच्या मनात एकच होतं: लोकं बघत्यात.

"भुकेजली असंल ओ," बजाबाई वाटीत दूधभाकरीचा काला घेऊन वाकली. "सकाळपासनं एक घास न्हाय पोटात. तोंड उघडंच हाय बगा."

जाळीपाशी सुकन्या उभी होती. दोन्ही हातांची बोटं सुतळीच्या घरांत अडकवून. तिनं मोजायला केव्हाच सुरुवात केली होती, चौदा, पंधरा. जाळी ओलांडली तर करार मोडला आणि पोर गेली. नाही ओलांडली तर... सोळा. चमचा पोरीच्या ओठांपाशी गेला.

"अक्का, घास नको."

ती ओरडली नाही. पण तिचा आवाज झिलेच्या वर गेला.

धोंडीराम वळला. बोलायचं नव्हतं, म्हणाला, असं ठरलं होतं. बजाबाई वाटी धरून तशीच थांबली, रागावावं का घाबरावं हे तिला कळेना. तेवढ्यात राजाबाई उठली. वयाच्या मानानं ती पटकन उठली. तिनं बजाबाईच्या मनगटाला धरलं, चमचा वाटीत परत ठेवला आणि खाली बसून आरूच्या अंगठ्याला चिमटा लावला.

ब्याऐंशी. ज्ञानबा आकड्याकडं बघून गात होते. अठ्ठ्याहत्तर.

राजाबाईनं नवऱ्याकडं तोंड केलं. पन्नास वर्षांत तिनं चारचौघांत त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

"मेंढरू दम धरतं तवा तुमी काय करता?"

झील धरणारे आधी थांबले. मग ज्ञानबा थांबले. अर्ध्या ओळीवर.

एवढी माणसं आणि एवढी मेंढरं असून माळावर शांतता झाली. ज्ञानबांचा डावा हात, वाकलेल्या बोटांचा, आपोआप पोरीच्या कुशीवर गेला. तिथं काही हलत नव्हतं. त्यांनी हात हलका केला. काही केलं नाही. चौऱ्याहत्तर. ते मेंढरं मोजतात तसं जोडीनं मनात मोजत होते. एक जोडी, दोन जोड्या, तीन. हाताखाली सदऱ्याचं कापड होतं आणि कापडाखाली बारीक बरगड्या. सहा जोड्या, सात. त्यांना वाटलं, या पोरीला आपण कधी जागी बघितलंच नाही. संक्रांतीपासून. ती धापा टाकायला लागली की आपण तिचे डोळे मिटायची वाट बघत होतो.

नववी जोडी झाली आणि कूस हलली.

आधी एक खोल उसासा, मग लहान लहान दोन, मग एक. ओठांवरचा जांभळा रंग काठावरून निघत गेला. आरूनं नजर फिरवून कोकरू शोधलं. तिचे हात परत लोकर पिंजू लागले.

चिमट्यावर ऐंशी आले, मग पंच्याऐंशी.

*

पहिला बोलला तो धोंडीराम. त्याचं म्हणणं, दम धरला तसा सुटलाही, आबांच्या मांडीवरच सुटला; आणि दिवस अजून मावळला नाही, आणि सुकन्या मधी बोलली. त्याच्या पाकिटाकडं हात जात होता. बिरुदेव त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं थोरल्या भावाचा तो हात धरला आणि फक्त एवढंच म्हणाला की अण्णा, तो कागद झोपेतला आहे. असं भावासमोर बोलण्याची त्याला सवय नव्हती. त्यामुळं त्याचा आवाज जरा मोठाच आला.

बजाबाई वाटी घेऊन बाजूला जाऊन बसली होती. ती काल्याकडं बघत होती. मला काय ठावं, असं दोनदा पुटपुटली. मग उठली, ताणलेल्या वाघरीची लिंबाकडची गाठ सोडली आणि सुकन्याला म्हणाली, जा बाई, चूल मी बघते. जाळी मातीत पडली. सुकन्या मात्र जागची हलली नाही. तिला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

माणसं हळूहळू सरकायला लागली. बघण्यासारखं झालं नव्हतं काही. होटगीचा सकाळचा म्हातारा जायला उठला, तेव्हा ज्ञानबांनी त्याला हातानं बसवलं.

"ऐकून जावा," ते म्हणाले. "सकाळी तुमी पाया पडला. मी पोरीला बरं करत नव्हतो. निजवत होतो."

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली.

"हिला ठावं हुतं." ज्ञानबांनी राजाबाईकडं पाहिलं नाही. "कवापासनं?"

राजाबाईनं खाली मान घालून सांगितलं, संक्रांतीपासनं. मग थोड्या वेळानं म्हणाली, की तुमी परत गायला लागलावता. ज्ञानबांनी मान हलवली. होकार होता का दुःख होतं, हे त्या माणसाच्या मानेवरून कधीच कळायचं नाही. पण त्यांचा उजवा हात लोकरीच्या ढिगावरून जाऊन तिच्या पायापाशी टेकला आणि तिथंच राहिला.

"सुकन्या," त्यांनी हाक दिली. "पोरी, हिकडं ये."

ती आली. पडलेल्या जाळीवरून येताना तिचा पाय सुतळीत अडकला, तो तिनं सोडवला. येऊन आरूच्या पायाशी बसली, तिला उचलून घेतलं नाही. चिमट्यावर त्र्याण्णव होते.

ज्ञानबांनी तिला सोमवारचं विचारलं. किती वाजता, कुठं, यंत्र कुठं कुठं लावतात. तिनं सगळं सांगितलं. चार तास जागी पाहिजे, म्हणाली, हेच अवघड आहे. दवाखान्यात ती कंटाळते, रडून रडून झोपते आणि झोपली की सगळं वाया. मला एकटीला तिला जागी ठेवणं जमंल का ठावं न्हाय.

"मी येतो."

"तुमी गायला लागला तर ती निजंल, मामा." हे बोलून गेल्यावर तिला वाटलं, लागलं असेल. पण ज्ञानबांच्या मिशा हलल्या. धोंडीरामसुद्धा तिकडं तोंड करून हसला असावा.

"ती ओवी वायली," ते म्हणाले. "मेंढरं रात्री बसवायची ओवी ती. मेंढरं चालवायची पण असती. हिला मी ती कदी ऐकवलीच न्हाय."

राजाबाई म्हणाली, बघा तर येती का अजून.

कातरणी परत सुरू झाली. बाकी निम्मी मेंढरं दिवस असेपर्यंत उरकायची होती, आणि गाणं म्हणजे कामाला आडवं येणारी गोष्ट नव्हतीच या लोकांत. ज्ञानबांनी घसा खाकरला. आवाज पहिल्यासारखा चढा लागला नाही. आता तो कुणासाठी चढवायचा नव्हता. पाऊल टाकावं तशा चालीत त्यांनी सुरू केलं, एक शब्द, एक पाऊल:

*माळाची गं वाट माजी, सरळ न्हाय कुटं,*
*म्होरं चाले कोकरू, अन् मागं काठी उठं.*

आरूनं मान वळवली. आजोबांच्या तोंडाकडं बघितलं, उघड्या डोळ्यांनी. सुकन्याच्या लक्षात आलं की सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ते त्यांना पुसायचं नाहीये. झील धरणाऱ्यांनी शेवटची ओळ उचलली. ज्ञानबांनी पुढची ओवी घेतली, मग त्याच्या पुढची. तळावरच्या कातरी त्या पावलांत पडू लागल्या. बजाबाई चुलीपाशी कान देऊन होती. होटगीकडून एक गाडी धडधडत गेली आणि तिचा आवाज माळावर विरला.

चौथ्या ओवीच्या मध्यावर आरू परत धापा टाकायला लागली. सुकन्या पुढं सरकली. मग छाती थांबली.

ज्ञानबा तिथंच थांबले, जिथं शब्द होता तिथं. हात पोरीच्या कुशीवर, हलका. झील धरणाऱ्यांपैकी एकानं, ओळ सुटली समजून, तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं दुसरा हात वर केला. धोंडीरामच्या हातातली कातर मेंढीच्या अंगावर अधांतरी राहिली. मेंढीचाही दम त्याच्या डाव्या हाताखाली अडकला होता, आणि त्यानं तो हात हलका केला.

"थांबा," ज्ञानबा हळू म्हणाले. "ती येतीया."